लाल खारींची डॉक्टरीणबाई

दर मंगळवारी सकाळी साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावर, आइल ऑफ वाइट बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत माझी व्हॅन उभी राहिली, की बहात्तर वर्षांच्या एक बाई यायच्या, मागच्या दारावर टॉर्चने तीनदा ठोकायच्या आणि म्हणायच्या, "उघडा."

अंगात चमकतं पिवळं जॅकेट, खाली सलवार, पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण. माझ्या कांद्याच्या पोत्यांमागे, डाळीच्या बॅगांमधून त्या टॉर्च फिरवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "काही नाही. जा." म्हणजे मी काहीतरी दडवून नेतच होतो, आजच्या दिवसापुरता सुटलो!

फेरीवरच्या लोकांना वाटायचं, बाई कौन्सिलच्या आहेत. कौन्सिलच्या लोकांना वाटायचं, बाई फेरीच्या आहेत. दोन्हीकडून चहा मिळायचा. खरं म्हणजे त्यांना कोणीच नेमलेलं नव्हतं. जॅकेटसुद्धा त्यांनी स्वतःच विकत घेतलं होतं.

या डॉ. शशिकला देवपुजारी. मूळच्या नागपूरच्या. आयुष्यभर इंग्लंडात ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटना भूल दिली आणि निवृत्त झाल्यावर बेटावर एक छोटं घर घेऊन एकट्याच राहायला आल्या. लग्न का केलं नाही, असं आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "वेळ कुठे होता बाप्पा! लोकं झोपून राहिले होते ना."

आता त्या काय शोधत होत्या ते सांगतो. इंग्लंडात मूळची खार लाल. करडी खार कधीकाळी अमेरिकेतून बागेची शोभा म्हणून आणली गेली आणि तिने देश काबीज केला. ती अंगाने दांडगी, लाल खारीचं खाणं संपवते. आणि तिच्या अंगावरून देवीसारखा एक रोग येतो. करडीला स्वतःला त्याचं काही होत नाही. लाल खारीला तो लागला, की तिचे डोळे सुजतात, तोंडाला फोड येतात आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. आमच्या बेटावर मात्र चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळे करडी एकही नाही, सगळ्या लाल. त्या तशाच राहाव्यात, म्हणून बाईंनी समुद्राच्या अलीकडच्या काठावरच पहारा बसवला होता. शिपाई एकच.

कोणाला बेटावर करडी खार दिसली, असं वाटलं तर फोन बाईंना. त्या 'हॅलो'सुद्धा म्हणायच्या नाहीत. "रंग राहू द्या. कान सांगा. कानावर झुपके आहेत?" कारण थंडीत लाल खारही करडी दिसायला लागते, पण तिच्या कानावर केसांचे झुपके असतात. करडीला ते नसतात. अकरा वर्षं फोन येत होते आणि अकरा वर्षं प्रत्येक खार लालच निघत होती. एकदा मांजर निघालं. एकदा तर बाई एका बागेत ओल्या गवतात पालथ्या पडून दोन तास दुर्बीण लावून होत्या, तेव्हा कुठे ती खार सिमेंटची असल्याचं उघड झालं. "दोन तास हलली नाही, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती," हे त्या स्वतःच सांगतात, आणि हसत नाहीत.

संक्रांतीला तिळगुळाबरोबर बायका काहीबाही लुटतात. बाईंनी दुहेरी चिकटपट्टीची रिळं लुटली. "तिळगूळ घ्या आणि ही पट्टी पाखरांच्या दाण्याच्या पेटीला आतून लावा. केस चिकटला तर मला आणून द्या, मायक्रोस्कोपखाली बघते." माझ्या बायकोने ते रीळ गणपतीच्या मखराला वापरलं. बाईंनी आरतीच्या वेळी ते बरोब्बर ओळखलं.

इथवर मलाही गंमत वाटायची. पुढचं गमतीचं नाही.

मी इचलकरंजीहून आलो तेव्हा साउथहॅम्प्टनच्या गोदामात कंटेनर रिकामे करत होतो. आज माझ्या स्वतःच्या चार व्हॅन आहेत आणि बेटावरची निम्मी हॉटेलं माझा माल घेतात. हे मला कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. एक-एक गिऱ्हाईक घासाघीस करून मिळवलंय. असं असताना दोन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीच्या मंगळवारी, भर पावसात बाईंना माझ्या व्हॅनमध्ये 'खुसफुस' ऐकू आली. त्यांनी माझ्या ड्रायव्हरकडून, डॅरेनकडून, सगळा माल उतरवून घेतला. त्या पिवळ्या जॅकेटला बिचारा सरकार समजला. आत निघालं काय? चुरमुऱ्याचं फाटलेलं पोतं. फेरी गेली, पनीर आंबलं, दोन हॉटेलवाल्यांनी मला फोनवर ऐकू नये ते ऐकवलं. त्यावर कडी म्हणजे पुढच्या आठवड्यात गावच्या हॉलमधल्या खारप्रेमींच्या सभेत बाईंनी पडद्यावर माझ्या व्हॅनचा फोटो दाखवला. नंबरासकट! वर लिहिलं होतं, 'सर्वांत धोकादायक वाहन'.

मी तिथेच उभा राहिलो. म्हणालो, "बाई, माफी मागा. लेखी."

"माफीसाठी आधी माझी चूक सिद्ध व्हावी लागते, चौगुले."

"चुरमुरे निघाले, चुरमुरे!"

"त्या दिवशी चुरमुरे निघाले," बाई म्हणाल्या.

माझा पारा चढला. मी म्हणालो, "तुम्हीही बाहेरून आला, मीही बाहेरून आलो. बाहेरून आलेल्या खारीच्या मागे हात धुऊन लागताना तुम्हाला काही वाटत नाही?"

"मी आले तेव्हा माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता. तुमचाही काढला असेल. खारीचा काढला होता का?"

सभा हसली. मी नाही हसलो. तेव्हापासून दर मंगळवारी ती टकटक झाली, की मी दार उघडायच्या आधी म्हणायचो, "माफी?" आणि त्या म्हणायच्या, "टॉर्चच्या आड येऊ नका."

या वसंतात आईला मी सहा महिन्यांसाठी बेटावर आणलं. आई ब्याऐंशी वर्षांची. बायको फार्मसीत, मी व्हॅनवर, मुलं युनिव्हर्सिटीत. आई दिवसभर मागच्या दाराच्या पायरीवर बसून असायची. टीव्ही कळत नव्हता, शेजारीण नुसतीच हसायची. बागेत लाल खार आली, तर आईला तिचं काही नाही. म्हणायची, "ही कसली खार! उंदराला मेंदी लावल्यागत दिसतीया."

पण मे महिन्यात आई एकदम खुलली. जेवायला लागली, गुणगुणायला लागली. घरातले शेंगदाणे मात्र झपाट्याने संपायला लागले. मी एकदा दुपारीच घरी आलो, तर आई पायरीवर हात पुढे करून बसली होती आणि तिच्या तळहातावरून एक भली दांडगी, करडी खार दाणे उचलत होती.

"हळू ये," आई म्हणाली. "आपल्याकडची हाय. बग की, रंग अगदी आपल्या खारीचा. पाठीवरची बोटं तेवढी न्हाईत, पर थंडीनं गेली असत्याल."

माझे पाय जागीच थांबले. मी तिचे कान पाहिले. साफ. एक केस नाही.

गॅरेजमध्ये गेलो. तीन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी जादा खेप केली होती. माल भरताना व्हॅनची दारं गोदामाच्या आवारात झाडाखाली उघडीच होती. त्या खेपेतलं शेंगदाण्याचं एक पोतं कोपऱ्यात कुरतडलेलं पडलं होतं. मी तेव्हा उंदीर समजून गप्प बसलो होतो. आता मनातल्या मनात हॉलमधला पडदा दिसायला लागला. 'सर्वांत धोकादायक वाहन.' बाईंचं बरोबर ठरणार होतं!

हे मी होऊ देणार नव्हतो. ठरवलं, खार गुपचूप धरायची, परत साउथहॅम्प्टनला न्यायची आणि जिथली तिथे सोडायची. कांद्याची जाळी घेतली, क्रेट घेतला, आई झोपल्यावर दोन तास दबा धरून बसलो. खार आली, मी झेप घेतली. जाळी माझ्याच पायात अडकली आणि खारीने माझ्या अंगठ्याला असे दात लावले, की शेजारीण हसायची थांबली.

मंगळवारी धक्क्यावर टॉर्चची टकटक झाली. मी दार उघडलं. बाईंनी मालाकडे पाहिलंच नाही.

"अंगठ्याला काय झालं?"

"उंदीर चावला."

त्यांनी माझा हात धरला, पट्टी सोडली, दुर्बीण उलटी करून जखम पाहिली. "उंदीर असा चावत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "किती दिवस झाले? आणि कुठे?"

मी चार व्हॅनचा मालक, बोलण्यात भल्याभल्यांना गुंडाळतो. पण त्या बाई पेशंटला विचारावं तसं विचारत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. वर सौदाही मांडला: "माझ्या बागेत हवे तेवढे सापळे लावा. व्हॅनचं नाव सभेत काढायचं नाही."

"नाव निघेल," बाई म्हणाल्या. "कशी आली ते कळलं नाही, तर दुसरी येईल. सौदे नंतर. आधी खार."

मला वाटलं होतं बाई जिंकल्याच्या थाटात मिरवतील. तसं काही नाही. अकरा वर्षं ज्या शत्रूची वाट पाहिली तो आला होता आणि बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. फेरीवर त्या कठड्याशी उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "धरू आणि परत नेऊन सोडू. त्यात काय एवढं?"

"करडी एकदा धरली की सोडता येत नाही. कायदाच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही समजून राहिले तेच."

त्याच दुपारी सापळा लागला. आत मका, हेझलनट, सगळा थाट. खार त्याच्याकडे ढुंकून बघेना. ती थेट पायरीवर यायची, आईच्या हातावरून खायची आणि जायची. आईला मी सांगितलं, दाणे घालू नकोस. आईने विचारलं, का? मी सांगितलं, धरायची आहे. आईने मागचं दार आतून लावून घेतलं आणि खिडकीतून दाणे टाकायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळी आल्या. आईने दार उघडलं नाही. बाई बाहेर पालथ्या क्रेटवर बसल्या. रिमझिम सुरू झाली. बाई हलल्या नाहीत. तासाभराने दार करकरलं.

"अवो बाई, भिजतायसा की. आत या. च्या घ्या. खारीचं बोलायचं न्हाई पर."

"नाही बोलत," बाई म्हणाल्या, आणि खरंच बोलल्या नाहीत. आई शेंगांच्या वेलाविषयी, सुनेच्या मऊ भाताविषयी, गावातल्या मेलेल्या आणि जिवंत माणसांविषयी दोन तास बोलली. तिला इथे येऊन कोणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी बाईंना फाटकापाशी गाठलं. "दिवस वाया चाललेत. आईला सांगून टाका ना, तिकडच्या पार्कात सोडणार म्हणून. ती लगेच तयार होईल."

"खोटं?"

"म्हातारीचं मन राखायला."

"चौगुले, टेबलावर आडवा झालेला माणूस शेवटचं तोंड माझं बघायचा. विचारायचा, दुखेल का? मी एकालाही खोटं नाही सांगितलं. तुमच्या आईला काहून सांगू?"

आणखी दोन दिवस गेले. करडी खार आता शेजारच्या झाडापर्यंत जायला लागली होती आणि त्या झाडावर लाल खारीचं घरटं होतं. बाई रोज येत होत्या, क्रेटवर बसत होत्या, मग आईच्या टेबलाशी. त्या लसूण सोलायच्या. टाके घालावेत तशा निगुतीने, एकेक पाकळी वेगळी ठेवून. 'अवो बाई'चं एव्हाना 'शशे' झालं होतं. बाईंना कोणी शशी म्हणताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मी घरी होतो. आईने चहाचे कप ठेवले आणि स्वतःच विषय काढला.

"धरल्यावर काय करणार तिचं?"

"मारणार," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले.

"कोण मारणार?"

"मी."

"दुखंल तिला?"

"नाही दुखणार. कळायच्या आत होईल. ते मी बघीन."

"आन् न्हाई मारली तर?"

बाईंनी सगळं सांगितलं. रोग, सुजलेले डोळे, घरट्यातली पिल्लं. काही वाढवून नाही, काही लपवून नाही. आईने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "शेंगांच्या रानात जन्म गेला माझा. भांगलताना कितीक हिरवं उपटलं या हातांनी. तणाचा राग न्हवता. तण काय मुद्दाम उगवतंय व्हय? पर आपण न्हाई उपटलं तर शेंग मरती." ती उठली, डब्यातून मूठभर शेंगदाणे काढले. "त्या मक्यावर न्हाई येणार ती. ती माझ्या हाताला वळखती. कुटं घालायचं ते दाव."

आईने सापळ्यात स्वतःच्या हाताने दाणे घातले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. अर्ध्या तासात खार आली. आईकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. दार खटकन पडलं.

आई म्हणाली, "जा, शशे. येळ लावू नगं."

बाईंनी सापळ्यावर जुनी चादर टाकली. अंधार झाला, की जनावर शांत होतं म्हणे. मी म्हणालो, "तुमच्या खारप्रेमींत एक बंदूकवाला आहे ना, त्याला बोलवू का?" त्या म्हणाल्या, "तो यायला दोन तास. तोवर हिने घाबरून राहायचं काय?" सापळा उचलून त्या बागेच्या टोकाला शेडमध्ये गेल्या. दार लावलं. मी बाहेर थांबलो. आतून आवाज आला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी बागेतल्या नळाखाली हात धुतले. कोपरापर्यंत. धुणं संपता संपेना. शेवटी मीच नळ बंद केला.

"झालं," त्या म्हणाल्या. "लागलं नाही तिला."

मी मान हलवली. खरं तर माझ्या तोंडावर आलं होतं, आता सभेत काय सांगणार? पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"चौगुले, किती हजार माणसं झोपवली मी. प्रत्येकाच्या उशाशी बसून राहायचे. बाकीचे हातमोजे काढून चहाला जायचे. मी नाही. नाव घेऊन हाक मारायची, डोळा उघडेपर्यंत. झोपवायला काय, कोणीही झोपवेल. उठवायचं काम माझं होतं." त्यांनी ओले हात जॅकेटला पुसले. "हिला नाही उठवता येणार."

आत आल्या तेव्हा आईने भाकरी टाकली होती. बाईंनी दोन घास खाल्ले, सोफ्यावर टेकल्या आणि पिवळ्या जॅकेटसकट, एक गमबूट पायात आणि एक हातात, तशाच झोपी गेल्या. तोंड किंचित उघडं. एवढ्या वर्षांत त्या बाईंना मी नुसतं डोळे मिटलेलंसुद्धा पाहिलं नव्हतं.

आईने खुर्ची ओढली आणि त्यांच्या उशाशी बसली. मी म्हणालो, "आई, तू जेवून घे. त्या उठतील त्यांच्या त्या."

आईने मला डोळे वटारून गप्प केलं. हातातला गमबूट अलगद काढून खाली ठेवला.

माझा फोन वाजला. डॅरेन होता, दुपारची फेरी चुकत होती, चूक कोणाची ते नेहमीप्रमाणे ठरायचं होतं. मी बाहेर जाऊन दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरशी कुजबुजत भांडलो. परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाई अजून झोपलेल्याच होत्या. आई थोडी पुढे वाकली होती आणि अगदी हलक्या आवाजात, घाई न करता म्हणत होती, "शशे... अगं शशे... ऊठ बाळा. मी हाय हितं."